फोटो बघून मिसळीचं किंवा सिंहगडाचं चित्र काढलेलं चालतं का?

हो, खुशाल काढा. फक्त फोटो जसाच्या तसा उतरवू नका. मी पुण्यात जलरंगात खाद्यपदार्थ आणि निसर्गदृश्यं रंगवते, त्यावरून सांगते. मिसळीला तर फोटो लागतोच. शेव रश्श्यात मऊ पडते, तर्री गार झाली की तिची चमक जाते, चित्र पुरं होईपर्यंत वाटी तशी राहत नाही. वाटी खिडकीशी ठेवा, फ्लॅश बंद करा. एका बाजूने उजेड आला की गोलाई आणि तेलावरची चकाकी नीट दिसते. निसर्गदृश्यात मात्र फोटो फसवतो. मोबाइलच्या वाइड लेन्समध्ये सिंहगड लांब आणि बुटका दिसतो, सावल्या काळ्या होतात, आकाश पांढरं पडतं. डोळ्यांना त्याच सावलीत निळा-जांभळा दिसतो. म्हणून खडकवासल्याच्या काठावरून पेन्सिलीने छोटं रेखाटन करा, शेजारी रंगांची नावं लिहा आणि फोटो तपशिलापुरता वापरा. एक अट: फोटो शक्यतो स्वतःचाच घ्या. इंटरनेटवरच्या फोटोलाही १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो. त्यावरून काढलेलं चित्र विकायचं असेल, तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या.