चढावर धावते, सपाटीला अडखळते

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. आमची आंब्या-काजूच्या कलमांची नर्सरी आहे. वडिलांनी जुनी पेट्रोल अँबॅसडर घेतली, मागचा भाग कापून हौदा बसवला आणि पिकअप केली. (कागदावर तशी नोंद आहे, काळजी नसावी.) दारात उभी असताना इंजिन एकसारखं चालतं. आंबा घाट भरल्या हौद्यानिशी दुसऱ्या गिअरमध्ये चढते, एकदाही खोकत नाही. पण मलकापूर सोडलं, मोकळा रस्ता मिळाला आणि चाळीस-पंचेचाळीसला पाय हलका केला की गचके सुरू. मधूनच सायलेन्सरमध्ये फट्‌ असा आवाज. पाय दाबला की पुन्हा पळते. कार्ब्युरेटर दोनदा धुतला, पेट्रोल पंपाचं किट टाकलं, चारही प्लग आणि कॉइल नवी घातली. आता मेकॅनिक इंजिन उतरवू म्हणतोय. उतरवू का?
– एक वाचक, साखरपा

उत्तर : नका उतरवू. इंजिनाला काही झालेलं नाही. तुमच्या पत्रातच दुखणं लिहिलंय, फक्त कुणी नीट वाचलं नाही.

पेट्रोल कमी पडत असतं तर गाडी आंबा घाटात रडली असती. भरला हौदा, दुसरा गिअर, पाय खाली, म्हणजे पेट्रोलची सगळ्यात जास्त मागणी तिथे. तिथे जी गाडी तक्रार करत नाही, ती सपाटीला पेट्रोलासाठी कशी अडेल? शिवाय पेट्रोल तुटलं की गाडी हळूहळू मरगळते. प्लगला जाणारा करंट तुटला की कुणी चावी बंद-चालू करतंय असा गचका बसतो. आणि तो फट्‌ आवाज? करंट नसताना न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन बसतं आणि करंट परत आला की तिथेच पेटतं.

मग करंट फक्त सपाटीलाच का तुटतो? प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा जो डिस्ट्रिब्युटर, त्याच्या कुशीला एक चपटी गोल डबी आहे, तिला कार्ब्युरेटरकडून एक बारीक नळी येते. ही व्हॅक्यूमची डबी. आत पडदा असतो. उभ्या गाडीत नळीला ओढ नसते. पाय पूर्ण दाबला तरी जवळजवळ नसते. ओढ लागते ती अर्ध्या पायावर, मोकळ्या रस्त्यावर. तेव्हा पडदा खेचला जातो आणि त्याला जोडलेली सीबी पॉइंटची (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्यांची) प्लेट थोडी फिरते, म्हणजे ठिणगी जरा आधी पडते. चांगली सोय आहे, पेट्रोल वाचवते. पण प्लेट फिरली की तिच्यावरच्या दोन छोट्या वायरीही वाकतात. एक बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटला येणारी, दुसरी प्लेटच्या अर्थिंगची. वर्षानुवर्षं वाकून त्या आतल्या आत तुटतात. वरचं कव्हर शाबूत, आत तारा तुटलेल्या. प्लेट जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात, प्लेट सरकली की सुटतात. म्हणून घरी ठीक, घाटात ठीक, मलकापूरपुढे गचके.

हे मला काही पुस्तकातून कळलेलं नाही. शिकाऊ होतो तेव्हा अशाच एका टॅक्सीवर मी तीन दिवस घालवले. कॉइल बदलली, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारं नळकांडं) बदलला, डिस्ट्रिब्युटरची कॅप बदलली. चौथ्या दिवशी उस्ताद आले. इंजिन चालू ठेवलं, कार्ब्युरेटरच्या बाजूने ती नळी काढली आणि तोंडाला लावून मलईकुल्फी ओढावी तशी ओढली. इंजिन गपकन बंद. उस्तादांनी नळी माझ्या हातात दिली, बिडी पेटवली आणि बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तुम्हीही तेच करा. गाडी स्लोवर चालू असताना नळी ओढा. सगळं ठीक असेल तर इंजिन उलट थोडं चढतं. अडखळलं किंवा बंद पडलं तर चोर सापडला. ओढून नळीच्या टोकाला जीभ लावा, ओढ टिकली पाहिजे. टिकली नाही तर पडदा फाटलाय. त्याने गचके येत नाहीत, पण पेट्रोल जास्त जातं.

मग कॅप आणि तिच्याखालचा फिरता तुकडा, म्हणजे रोटर, काढा, चिमट्याने दोन्ही वायरी हलकेच ताणा. जी रबरासारखी लांबते तिच्या आत तार उरलेली नाही. बदलताना घरच्या लाइटची कडक वायर घालू नका, महिन्याभरात तुटेल. पुष्कळ बारीक तारांची मऊ वायर घ्या. प्लेट फिरायला ढील ठेवा, पण इतकी नको की मधल्या शाफ्टला घासेल. दोन वायरींची किंमत चहा-वड्याएवढी. जुनी कॉइल फेकली नसेल तर जपून ठेवा, ती बहुधा चांगलीच आहे.

डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर पॉइंटची गॅपही बघा. पॉइंटची टाच मधल्या शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्यावर आणा आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावा. या लुकास जातीच्या डिस्ट्रिब्युटरला १४ ते १६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. आमचे उस्ताद लग्नपत्रिकेचा तुकडा घालायचे, पण आता पत्रिकाही कसल्याकसल्या जाडीच्या येतात. गॅप हलली की टायमिंग हलतं, तेही पुन्हा तपासा. पॉइंट निळे-काळे पडले असतील तरच कंडेन्सरवर संशय घ्या.

तोवर कोल्हापूरला जायचंच असेल तर नळी काढा, कार्ब्युरेटरचं टोक बुचाने बंद करा आणि जा. पेट्रोल थोडं जास्त लागेल, गचके लागणार नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी आमची जुनी पेट्रोल जीप स्टार्टच होत नाही. दुपारी ऊन पडलं की एका सेल्फमध्ये होते. बॅटरी नवी आहे.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बॅटरीला दोष देऊ नका. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडा, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि वायरींना हात न लावता बघत राहा. वायरींवरून किंवा कॅपवरून निळी ठिणगी सरपटताना दिसली की समजा, प्लगला जायचा करंट तिथेच मुरतोय. कॅप काढून आतून बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर घासत बसू नका, ती जात नाही. कॅपच बदला. नुसता दमटपणा असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोलने पुसून लगेच सेल्फ मात्र मारू नका. आत वाफ कोंडते, वर ठिणगी पडते आणि नवी कॅप घेण्याआधी भुवया जातात. वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीला चिकटपट्टीवर नंबर लावा, आणि दुकानात जाताना जुनी कॅप आणि रोटर दोन्ही पिशवीत घेऊन जा.