एअर ओपी: खांद्यावर तोफखाना, हातात विमान

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या एका सदस्याचा प्रश्न असा: आजोबा 'आम्ही एअर ओपीवाले' म्हणायचे, छोट्या विमानाशेजारचा त्यांचा फोटोही आहे, पण डिस्चार्ज बुकात तोफखाना लिहिलाय. चुलतभाऊ म्हणतात, आजोबा थापा मारत होते.

थापा नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एअर ओपी म्हणजे एअर ऑब्झर्वेशन पोस्ट. टेकडीआड गोळा कुठं पडला हे तोफेवरच्या माणसाला दिसत नाही. कुणीतरी वरून बघून सांगावं लागतं. ब्रिटिश तोफखान्यातले चार्ल्स बेझली यांचं म्हणणं सरळ होतं: वैमानिकाला तोफा शिकवत बसण्यापेक्षा तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच विमान शिकवा. हवाई दलात याला बराच विरोध झाला. तरी १९४० मध्ये प्रायोगिक तुकडी निघाली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये पहिली स्क्वाड्रन (विमानांची तुकडी), क्रमांक ६५१. महायुद्ध संपेपर्यंत ६५१ ते ६६६ अशा सोळा झाल्या.

रचना मोठी गमतीची. स्क्वाड्रन कागदोपत्री हवाई दलाची, विमानाची देखभाल करणारे मेकॅनिक हवाई दलाचे. पण वैमानिक, ड्रायव्हर आणि वायरलेसवाले तोफखान्याचे. विमान होतं ऑस्टर, पंख वर असलेलं, शेतातल्या पट्टीवरही उतरणारं. वैमानिक काही शे फुटांवर, सहसा आपल्याच हद्दीत राहून गोळे बघायचा आणि नेम कुठं सरकवायचा ते वायरलेसवर सांगायचा. शत्रूचं लढाऊ विमान आलंच, तर उडतच जमिनीलगत खाली येऊन गरागरा वळायचं. वेगवान विमानाला एवढं आखूड वळण जमत नाही. बचाव एवढाच! अशा विमानात रोज बसणाऱ्यांना मी तरी शूरच म्हणेन.

आपल्या राज्याशी याचा जुना संबंध. ६५६ स्क्वाड्रन १९४३ मध्ये मुंबईत उतरली, देवळालीला राहिली आणि तिथून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीबरोबर लढली. ६५९ आधी नॉर्मंडीत होती. युद्ध संपल्यावर भारतात आली आणि ऑगस्ट १९४७ मध्ये बरखास्त झाली. त्याच महिन्यात आपली पहिली एअर ओपी फ्लाइट (स्क्वाड्रनहून छोटी तुकडी) उभी राहिली आणि काश्मीरच्या लढाईत कामाला लागली. सुरुवातीच्या भारतीय वैमानिकांत कॅप्टन एच. एस. बुटालिया हे नाव ठळक आहे. आपल्या सैन्यानं पुढं ६५९, ६६० हेच आकडे चालू ठेवले, आणि तिकडे ब्रिटिशांनीही तेच पुन्हा वापरले. म्हणून इंटरनेटवर ६५९ शोधताना कुठल्या देशाची माहिती वाचताय ते आधी बघा.

आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे सैन्याची स्वतःची विमान शाखा, तोफखान्यापासून वेगळी झाली १ नोव्हेंबर १९८६ला. त्याआधीचे एअर ओपीतले वैमानिक मुख्यतः तोफखान्याचेच, आणि त्यांच्याबरोबरचे बरेच जवानही. आजोबा त्याआधी निवृत्त झाले असतील, तर बुकात दुसरं काय लिहिणार?

आता फोटो नीट बघा. छोट्या विमानाचे पंख छताच्या पातळीवर असतील, तर ऑस्टर किंवा नंतरचं एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कृषक विमान असण्याची शक्यता मोठी. मागं युनिट, गाव, साल काही लिहिलंय का तेही बघा. मग डिस्चार्ज बुकातला सैनिक क्रमांक घेऊन नाशिक रोड कॅम्पच्या तोफखाना अभिलेख कार्यालयाला पत्र टाका. सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज लिहायला मदत करेल. कुठल्या युनिटमध्ये कधी नेमणूक होती, एवढंच नेमकं विचारा. चुलतभावांना तेवढं पुरेल.