कचऱ्याच्या गेमला मुले दोन मिनिटांत का कंटाळली?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी अकरावीला वाणिज्य शाखेत आहे, तिने स्क्रॅच या मुलांसाठीच्या मोफत प्रोग्रॅमिंग साधनावर ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचा एक गेम तयार केला आहे आणि मुलांना पर्यावरण शिकवणारे गेम करणे हेच काम तिला पुढे करायचे आहे. वाणिज्य शाखेतून हे जमेल का आणि यात पोट भरेल का, असे आपण विचारले आहे. पत्राच्या शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे, की धाकट्या भावंडांनी तो गेम दोन मिनिटांत सोडून दिला. मी त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

केळ्याची साल हिरव्या डब्यात टाकली की दहा गुण आणि निळ्या डब्यात टाकली की शून्य, ही खेळाचे कपडे घातलेली प्रश्नपत्रिका झाली. आपली सापशिडी, म्हणजे मूळचा मोक्षपट, नीती शिकवण्यासाठीच होती. पण तिथे सगळे दान ठरवते, खेळणाऱ्याच्या हाती काही नसते, त्यामुळे सापाने गिळले तरी आपले काही चुकले असे कोणाला वाटत नाही. याउलट अमेरिकी शास्त्रज्ञ डेनिस मेडोज यांनी रचलेल्या ‘फिशबँक्स’ या खेळात प्रत्येक गट मासेमारीची कंपनी चालवतो, नफ्यासाठी बोटी वाढवतो, आणि मासे संपत आल्याचे ध्यानात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. तिथे उपदेशाचे एक वाक्यही लागत नाही, कारण शिकवण्याचे काम नियमच करतात आणि असे नियम रचता येणे हेच या व्यवसायाचे खरे कौशल्य आहे.

म्हणून पुढचा गेम तिने संगणक न उघडता, कागद आणि चिंचोके घेऊन करावा. विषय मी सुचवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने पावसाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली, आणि उसासारखी पिके व शेतीसाठीच्या विंधनविहिरी यांवर गावाने स्वतःच बंधन घातले. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. वर्षात ४०० मिलिमीटर पडला तर ४० लाख लिटर, आणि त्यातलेही पुष्कळसे वाहून किंवा वाफ होऊन जाते. ज्वारीला साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते, उसाला १,५०० ते २,५००. पण उसाचा पैसा मोठा. चार मुले, चार शेते, जमिनीखालचे पाणी मात्र सर्वांचे एकच, म्हणजे मधल्या वाटीत चिंचोके. एकाने ऊस लावला की बाकीच्या तिघांनी काय करायचे, यावर मुले भांडू लागली तर गेम जमला असे समजावे. ताळेबंद मांडणे तर ती वाणिज्य शाखेत शिकतेच आहे. हा खेळ कागदावर जमल्यावर तो ‘गोडो’ या मोफत गेम इंजिनमध्ये उतरवता येईल.

शाखेची अडचण नाही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातील बी.डेस. या पदवीसाठी युसीड ही प्रवेशपरीक्षा असते आणि ती कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, या संस्थेची प्रवेशपरीक्षा वेगळी असते. तिथे पदव्युत्तर पातळीवर डिजिटल गेम डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. खासगी संस्थेत लाखो रुपये भरण्याआधी मात्र तिथल्या मुलांनी केलेले गेम पाहायला मागावेत. ते दाखवायला संस्था टाळाटाळ करू लागली, तर पुढची चौकशीही करू नये.

पोट भरण्याविषयी स्पष्ट लिहितो. केवळ पर्यावरणाचे गेम करून दरमहा पगार मिळेल अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत. सुरुवातीची वर्षे ई-लर्निंग कंपनीत किंवा सर्वसाधारण गेम स्टुडिओत काढून, पर्यावरणशिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थांसाठी जोडीने प्रकल्प करणे हा मला व्यवहार्य मार्ग वाटतो. सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन ही १९८४ पासूनची संस्था अशांपैकी एक असून तिचे काम पुण्यातही चालते.

युसीडची नोंदणी साधारणपणे ऑक्टोबरात सुरू होते आणि परीक्षा जानेवारीत असते. तिच्यात चित्रकलेचाही भाग असल्याने रोज अर्धा तास पेन्सिल हाती घेणे तिने आतापासूनच सुरू करावे. चिंचोक्यांचा खेळ खेळताना कोण कुठे अडले, कोण कधी उठून गेले आणि त्यानंतर कोणता नियम बदलला, हे तारीख घालून एका वहीत लिहून ठेवावे. पुढे मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्यावी.