बाबांना शुगर आहे, डी-डायमर 610 आलाय, गुठळी झाली असेल का? इकोस्प्रिन (ॲस्पिरिनची गोळी) सुरू करू का?

तुम्ही लिहिलंय की बाबा 64 वर्षांचे, शुगर जुनी, फुल बॉडी पॅकेजमध्ये डी-डायमर 610 आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रोटीन) 438 आलं, दोन्ही ठळक अक्षरांत, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना रात्रीच्या बसने पुण्याला जायचंय. मी डॉक्टर नाही, इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, असले रिपोर्ट रोज हातातून जातात, तेवढ्या जोरावर सांगतोय.

रिपोर्ट ठेवा बाजूला, आधी त्यांचे पाय बघा. एकच पाय सुजलाय का, पोटरी गरम किंवा लालसर वाटतेय का, अचानक दम लागतोय का, छातीत दुखतंय का. यातलं काहीही असेल तर हे वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा, पायाचा डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) वगैरे काय करायचं ते तिथले ठरवतील. आणि बाबा "दुखत नाही रे" म्हणाले म्हणून सोडून देऊ नका, जुन्या शुगरवाल्यांच्या पायाला कळतच कमी. शिंप्याची टेप घ्या, गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा लागतो ना तिथून 10 सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा, 3 सेंटीमीटरच्या वर फरक आला तर दाखवाच.

तसं काही नसेल तर आता आकड्याचं बोलू. रक्ताची गुठळी विरघळताना तिचे जे तुकडे रक्तात येतात तो डी-डायमर. पण तो वयाने वाढतो, इन्फेक्शनने वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, कुठे आपटले तरी वाढतो. म्हणून डॉक्टर तो वापरतात ते गुठळीची शंका आल्यावर, आणि कमी आला तर "बहुतेक नाही" म्हणून मोकळं व्हायला. काही त्रास नसताना पॅकेजमध्ये डी-डायमर टाकणं मला तरी पटत नाही, निम्म्या लोकांना उगाच घोर लागतो. नेहमीची हद्द 500, पण पन्नाशीनंतर शंका असलेल्या पेशंटमध्येसुद्धा वय गुणिले 10 धरतात, म्हणजे बाबांसाठी 640, तुमचा 610 त्याच्या आतच आहे. फक्त आकड्याशेजारचं युनिट बघून घ्या हं, हे सगळं एफईयूचं आहे. डीडीयू लिहिलेलं असेल तर तिथली हद्द साधारण निम्मी असते, मग 610 बराच जास्त झाला, तो डॉक्टरांना दाखवा.

अजून एक आतली गोष्ट. या टेस्टची ट्यूब निळ्या झाकणाची, तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं आणि 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट हे प्रमाण जुळावं लागतं, म्हणून रक्त खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. शीर सापडली नाही, अर्धीच भरली आणि तशीच लावली तर क्लॉटिंगचे रिझल्ट बिघडतात. परत टेस्ट करायची वेळ आली तर ट्यूबकडे लक्ष ठेवा, कोणी काही म्हणत नाही.

फायब्रिनोजेन 200 ते 400 नॉर्मल. 438 हे सर्दी-खोकला, हिरड्यांची सूज, सिगरेट, वजन, शुगर कशानेही होतं.

आता शुगरचा आणि गुठळीचा संबंध खोटा आहे का, तर नाही. शुगर सतत जास्त राहिली की प्लेटलेट लवकर चिकटतात, फायब्रिनोजेनवरही साखर चढते आणि गुठळीची जाळी दाट विणली जाते, लवकर तुटत नाही. वर पीएआय-1 नावाचं प्रोटीन वाढतं, म्हणजे आपल्या इंदूरची सकाळची कचरागाडी कोणीतरी कॉलनीच्या गेटवरच अडवून ठेवावी तसं, गुठळी साफ करणारी माणसं आतच येत नाहीत. पण याचा मार जास्त बसतो हृदयाच्या, मेंदूच्या आणि पायाच्या धमन्यांवर, आणि तो धोका 610 च्या आकड्यात दिसत नाही. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 9.1 आहे. भिया, घाबरायचंच असेल तर त्या आकड्याला घाबरा, त्यानंतर बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू असेल तर तंबाखू!

इकोस्प्रिन मनाने सुरू करू नका. 2018 मध्ये असेंड नावाची मोठी ट्रायल आली, हृदयाचा त्रास न झालेले 15,480 डायबेटिक, अर्ध्यांना रोज 100 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, सरासरी 7.4 वर्षं. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे 9.6 टक्क्यांवरून 8.5 वर आले, पण मोठा रक्तस्राव 3.2 वरून 4.1 टक्क्यांवर गेला. म्हणजे एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं. स्टेंट बसलाय, अटॅक किंवा पॅरालिसिस होऊन गेलाय त्यांचं गणित वेगळं, त्यांनी चालू गोळी बंद करायची नाही.

पाय ठीक असतील तर बसने जाऊ द्या. वाटेत सेंधव्याकडे गाडी थांबली की उतरून दहा मिनिटं फिरायला सांगा, बसल्या जागी टाचा वर-खाली करायच्या, पाणी प्यायचं (बाथरूमच्या भीतीने कोणी पीत नाही), गोळ्या हातातल्या पिशवीत, डिक्कीत नाही. आणि मेडिकलवाला टाइट मोजे देईल ते विचारल्याशिवाय घालू नका, डायबेटिक माणसाच्या पायाच्या धमन्या अरुंद असतील तर ते मोजे उलट नुकसान करतात.