करिअर मार्गदर्शन: ड्यूटीवरचा सिनिअर भानावर नसेल तर?

प्रश्न: माझी मुलगी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमडी इमर्जन्सी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. तिसऱ्या वर्षाचा एक सिनिअर रात्रपाळीत मधेच वीस-वीस मिनिटं दिसेनासा होतो. परत येतो तेव्हा घामेजलेला असतो, हँडओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सांगताना, जीभ अडखळते. गेल्या आठवड्यात मांडीचं हाड मोडलेल्या एका मुलाला फेंटॅनिल दिल्याची नोंद त्याने केली, पण मुलगा तसाच किंचाळत होता. उरलेलं औषध टाकून दिलं म्हणून रजिस्टरात साक्षीदाराची सही माझ्या मुलीची घेतली. तिने टाकताना पाहिलं नव्हतं. हाच सिनिअर पहिल्या दिवसापासून तिला हाताला धरून शिकवतो आहे. मी तिला म्हटलं, आपण बरं नि आपलं काम बरं, तीन वर्षं काढायची आहेत. तेव्हापासून ती फोनवर मोजकंच बोलते. माझं चुकलं का? तक्रार केली तर तिचं करिअर बिघडेल का? की शाखाच बदलावी?
– एक निवृत्त शिक्षक, जि. सोलापूर

गुरुजी, सप्रेम नमस्कार.

तुमचा सल्ला लेकीच्या काळजीतून आला, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तरी तो मागे घ्या, आणि आजच घ्या. तुम्ही ओझरती लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचली, ती म्हणजे रजिस्टरातली ती सही.

फेंटॅनिल हे मॉर्फिनच्या जातीचं, पण त्याहून सुमारे शंभर पट तीव्र वेदनाशामक. ते अमली पदार्थांवर नियंत्रण ठेवणाऱ्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतं, म्हणून कुलपात राहतं आणि त्याचा थेंबाथेंबाचा हिशेब लागतो. साधारणपणे एका अँप्युलमध्ये (काचेच्या छोट्या कुपीत) २ मिली, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. पेशंटला ५० पुरलं, तर उरलेलं ५० दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत टाकायचं आणि त्या माणसाने सही करायची. औषध कुठून गळतंय हे शोधणारे लोक आधी हाच रकाना उघडतात. उद्या चौकशी लागलीच, तर तिथे सिनिअरच्या नावाशेजारी तुमच्या मुलीचं नाव असेल. गप्प बसली की ती या प्रकरणाबाहेर राहील असं तुम्ही धरून चाललात, पण त्या सहीमुळे ती आधीच त्यात आहे. आज तिने आपणहून सांगितलं, तर ती नवख्या डॉक्टरची चूक म्हणून पाहिली जाण्याची शक्यता बरीच आहे. चार महिन्यांनी दुसऱ्या कुणी शोधून काढलं, तर तिने साथ दिली असंच दिसेल. आणि इथून पुढे, स्वतः पाहिलं नाही त्यावर तिने सही करायची नाही. समोर कितीही मोठा माणूस असो, "सर, माझ्यासमोर टाका, मग करते" एवढं म्हणायचं.

आता त्या किंचाळणाऱ्या मुलाकडे येऊ. शिरेतून दिलेलं फेंटॅनिल काही मिनिटांत लागू पडतं. लागू पडलं नाही याची कारणं अनेक असू शकतात. डोस कमी पडला असेल, सलाईनची सुई शिरेबाहेर सरकली असेल, मोडलेला पाय नीट आधार न देता हलवला गेला असेल. आणि एक शक्यता अशीही आहे की सिरिंजमधलं औषध त्या मुलापर्यंत पोचलंच नाही. यातलं खरं काय, हे तुमच्या मुलीला ठाऊक नाही, मला नाही, तुम्हालाही नाही. घाम आणि अडखळती जीभ तर रक्तातली साखर उतरल्यावरही दिसते. झोपेचंही तसंच आहे. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की सलग २४ तास जागा राहिलेला माणूस, रक्तात दर १०० मिलीला सुमारे १०० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतपत चुका करतो. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. १९९२ च्या निवासी डॉक्टरांच्या केंद्रीय योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावी असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात किती असते, ते लेकीला विचारा.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की तुमची मुलगी बहुधा "सर खरंच व्यसनी आहेत का" याच प्रश्नाशी झगडत असेल आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिला वाटत असेल. ते उत्तर शोधणं तिचं काम नाही. कारण काहीही असो, रात्री अत्यवस्थ माणसं ज्याच्या हातात येतात तो डॉक्टर त्या वेळी धड नाही, इतकं सांगायला पुरेसं तिने पाहिलं आहे. साखर उतरत असेल तर त्याला फिजिशियनकडे न्यायला हवं, झोप नसेल तर ड्यूटी बदलायला हवी, व्यसन असेल तर उपचार हवेत. ठरवणारे लोक वेगळे आहेत. ते ठरवू शकतील म्हणून कुणीतरी आधी सांगावं लागतं.

तिला आज एक कागद घ्यायला सांगा. तारीख, वेळ, बेड नंबर आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच. "पहाटे ३.१० ला बेड ४ च्या पेशंटला फेंटॅनिल दिल्याची नोंद आहे, ३.३० ला पेशंट ओरडत होता, नाडी १३० होती, मी लेक्चररना फोन केला नाही." अशा पद्धतीने लिहायचं. शेवटचं वाक्यही लिहायचं, कारण स्वतःकडून राहिलेलं जो लिहितो त्याचं बाकीचं लोक विश्वासाने वाचतात. "सर ड्रग्ज घेतात" हे वाक्य त्या कागदावर नको. पेशंटचं नाव नको. सिनिअरची बॅग उघडून पाहणं, चोरून व्हिडिओ काढणं, बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचक काहीतरी टाकणं, यातलं काहीही नको. यातल्या एकेका गोष्टीने खरी तक्रारसुद्धा मातीमोल होते आणि निर्दोष माणूस असला तर आयुष्यातून उठतो.

मग तो कागद घेऊन तिने आपल्या युनिटच्या ज्या शिक्षकावर तिचा विश्वास आहे त्यांना समक्ष भेटावं आणि त्यांच्यासोबत एचओडींकडे, म्हणजे विभागप्रमुखांकडे, जावं. सहीचा विषय तिथे तिनेच आधी काढावा. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करावा, "आज आपल्याशी बोलल्याप्रमाणे अमुक तारखांच्या नोंदी सोबत जोडत आहे." हा ईमेल पुढे तिची ढाल आहे, तो टाळू नये. विभागात दाद लागली नाही, तर वैद्यकीय अधीक्षक आणि अधिष्ठाता आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलही आहे, पण आज पहिली पायरी ती नव्हे. निनावी पत्राचा मोह होईल. ते पाठवू नये. कुणी काय पाहिलं हे विचारायला समोर माणूसच नसेल, तर चौकशी करणारा तरी काय करणार? शिवाय रजिस्टरात तिचं नाव असताना ती निनावी कशी राहणार?

हे सगळं दिवसा, शांतपणे करण्याचं. एखाद्या रात्री समोर पेशंट आहे, सिनिअर श्वासनलिकेत ट्यूब घालायला उभा आहे आणि त्याचा हात थरथरतो आहे, अशी वेळ आली तर कागद वगैरे विसरायचं. "सर, तुम्ही दोन मिनिटं बसा, मी बॅगने श्वास देते" म्हणून जागा घ्यायची, सिस्टरना हाताशी घ्यायचं आणि ऑन-कॉल लेक्चररना तिथूनच फोन लावायचा. फोनवर निदान सांगायचं नाही. "सर, मला इथे आत्ता तुमची गरज आहे" इतकं पुरतं. झोपमोड केली म्हणून कुणी बोललं तर बोलू दे.

तुम्ही लिहिलंत, तो सिनिअर तिला हाताला धरून शिकवतो. मला वाटतं तिची झोप यानेच उडाली आहे. तिला वाटतंय आपण त्याचा घात करतोय. गुरुजी, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या: तो जर खरोखर इंजेक्शनमध्ये अडकला असेल, तर सगळ्यांनी सांभाळून घेणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. भूल आणि तातडीच्या विभागांत ही औषधं हाताशी असतात, आणि यात अडकलेला डॉक्टर ड्यूटीरूमच्या बाथरूममध्ये दार लावून एकटा असताना श्वास थांबून मरू शकतो. याच कारणाने तिने एकटीने त्याला गाठून "सर, मला सगळं कळलंय" असं म्हणू नये. पकडलं गेल्यानंतरचे पहिले काही तास आणि दिवस अशा माणसासाठी आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात. बोलणं वरिष्ठांनी करावं, सोबत मानसोपचारतज्ज्ञ असावा आणि त्यानंतर त्याला खोलीवर एकटं सोडू नये. तिने एचओडींना ही विनंती जरूर करावी.

यातून माणसं बाहेर येतात. अमेरिकेत व्यसनात सापडलेल्या डॉक्टरांसाठी उपचार आणि देखरेखीचे खास कार्यक्रम आहेत. तिथल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्यांची माहिती हाती लागली, त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांनी परवान्यासह काम करत होते. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो तुमच्या मुलीलाही चालतो. आणि स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्याला एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. लवकर बोललं गेलं तर त्याच्यापुढे हे रस्ते उघडे राहतात. पेशंट दगावल्यावर पोलिसांमार्फत उघड झालं, तर फार थोडे उरतात.

आता करिअरचं. काहीच होणार नाही असं खोटं आश्वासन मी देणार नाही. काही दिवस टोमणे, अबोला, वाट्याला नकोशा ड्यूट्या, हे होऊ शकतं. पण तिच्या बाजूने काय आहे तेही पाहा. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम सहकाऱ्याचं अकार्यक्षम किंवा अनैतिक वर्तन भीड न ठेवता उघड करायला सांगतात, म्हणजे ती कर्तव्यच करते आहे. एमडीची परीक्षा नाशिकचं आरोग्य विद्यापीठ घेतं आणि त्यात बाहेरचे परीक्षक असतात, एका माणसाच्या रागावर ती अडत नाही. त्रास वाढलाच तर मार्डचे, म्हणजे निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे, प्रतिनिधी शासकीय महाविद्यालयांत असतात. त्यांना आत्ता काही सांगायची गरज नाही, पण ईमेलची प्रत जपून ठेवलेली असावी.

एक पाहणी मला नेहमी आठवते. २०१० साली जामा या नियतकालिकात आलेली, अमेरिकेतल्या डॉक्टरांची. सहकारी कामाच्या स्थितीत नाही हे स्वतःला माहीत असूनही सुमारे एक तृतीयांश डॉक्टरांनी कुणाला कळवलं नव्हतं, आणि सगळ्यात जास्त वेळा दिलेलं कारण होतं, "दुसरं कुणीतरी बघतंय असं वाटलं." तुमच्या मुलीच्या विभागातही सिस्टरना, वॉर्डबॉयला, इतर रेसिडेंटना काही ना काही दिसत असणारच. सगळे एकमेकांकडे बघत थांबले आहेत.

शाखा बदलायची का, याचं उत्तर मी आज देणार नाही, तुम्हीही तिला आज विचारू नका. हे निस्तरल्यावर सहा महिन्यांनी, सलग काही रात्री नीट झोप झाल्यावर, तिचं तिलाच कळेल. तिला फोन कराल तेव्हा आधी "जेवलीस का" विचारा, मग सरळ म्हणा, "मी तुला गप्प बस म्हटलं ते चुकलं. एचओडींना भेटायच्या दिवशी मी तिथे येऊ का?" ती नको म्हणाली तरी विचारा. हो म्हणाली तर केबिनच्या बाहेर बाकावर बसा, आत जाऊ नका. बोलायचं तिनेच आहे.