लंडनच्या जमैकन हॉटेलात शाकाहारी माणसाने काय मागवावं?

राइस अँड पीज, सोबत तळलेलं प्लॅन्टेन (भाजीच्या केळ्यासारखं केळं) आणि मिळाला तर आयटल स्ट्यू मागवा, पोट भरतं. मी शाकाहारी आहे, ब्रिक्स्टनजवळ राहते आणि हेच खाते. नाव पीज असलं तरी त्यात बहुतेक वेळा राजमा असतो, नारळाच्या दुधात तांदळाबरोबर शिजवलेला. त्यात अख्खी स्कॉच बॉनेट मिरची सोडतात; ताटात आली तर फोडू नका, जाळ होतो. आयटल म्हणजे रास्ताफारी (जमैकातला एक धर्मपंथ) पद्धतीचं बिनमांसाचं जेवण, बरेचदा अळणी. मात्र काउंटरवर विचारूनच घ्या: भातात खारवलेलं मांस किंवा कॅललूच्या पालेभाजीत खारा मासा असू शकतो. आणि वाढणारी बाई प्रेमाने 'ग्रेव्ही घालू?' म्हणाली तर नको म्हणा, ती सहसा बोकडाच्या किंवा ऑक्सटेलच्या (गाय-बैलाच्या शेपटीच्या) रश्शाची असते.