सिमकार्ड बदललं की सरकारी पाळतीतून सुटका होते का?

मेसेज एन्क्रिप्टेड आहेत, सिमही नवीन घेतलं, तरी सरकारला माझा माग काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, आणि तोही तुमच्या मेसेजमधलं एक अक्षर न वाचता.

सिमचा ओळख क्रमांक वेगळा आणि हँडसेटचा वेगळा. हँडसेटचा तो १५ अंकी आयएमईआय, *#०६# डायल केलं की स्क्रीनवर दिसतो. फोन नेटवर्कशी जोडला गेला की हे दोन्ही आकडे कंपनीच्या नोंदीत जोडीने उमटतात. म्हणजे जुन्या हँडसेटमध्ये नवं सिम घातलं की नवा नंबर लगेच जुन्या माणसाला चिकटतो. हँडसेटही नवा घेतलात, पण दोन्ही फोन चालू ठेवून एकाच खिशात घेऊन फिरलात, तर दोन्ही एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर बरोबरीने सरकतात आणि रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करतात. २०१३ साली संशोधकांनी १५ लाख लोकांच्या निनावी मोबाइल नोंदी तपासल्या. ठिकाण आणि वेळ यांच्या फक्त चार नोंदी ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरल्या. त्यामुळे ‘डेटा निनावी आहे’ या आश्वासनावर विसंबू नका.

एन्क्रिप्शन मजकूर झाकतं. कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोललं, हे नाही. एखाद्याने सकाळी कर्करोगतज्ज्ञाला, दुपारी विमा कंपनीला आणि संध्याकाळी वकिलाला फोन केला, तर त्याचं बोलणं ऐकायची गरजच उरत नाही. सिग्नल हे मेसेजिंग ॲप ही नोंद जवळपास ठेवतच नाही. खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांच्याकडे असतं.

व्हॉट्सॲप वापरत असाल तर क्लाउडवरचा बॅकअप आधी बघा. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, विसरलात तर बॅकअप परत मिळणं अवघड. आणि समोरच्यालाही हे करायला लावा, नाहीतर तुमचं तेच संभाषण त्याच्या बॅकअपमध्ये उघडं पडलेलं असतं.

लोकेशन बंद केल्याने टॉवरला काही फरक पडत नाही. पत्रकाराला माहिती देणाऱ्याने भेटीला जाताना फोन घरीच ठेवावा, तोही चालू. ठरलेल्या वेळी दोघांचेही फोन एकदम बंद झाले, तर तीही नोंदच असते.